कौतुकाच्या आड वाढणारं व्यसन

दारू प्यायलेला माणूस दारातच ओळखू येतो. चाल, वास, जड झालेली जीभ, सगळं त्याच्याविरुद्ध साक्ष देतं. उत्तेजक द्रव्यं घेणाऱ्याचं सुरुवातीला नेमकं उलटं होतं. पहिले काही महिने तो पूर्वीपेक्षा बरा दिसतो. कामाचा उरक वाढतो, वजन उतरतं, बोलण्यात धार येते, अपरात्री पाठवलेल्या निरोपालाही लगेच उत्तर येतं. घरच्यांना वाटतं, एकदाचं पोर मार्गी लागलं. वरिष्ठ इतरांना त्याचं उदाहरण देऊ लागतात. व्यसनाच्या पहिल्या पायरीवर माणसाला इतकी शाबासकी मिळवून देणारी दुसरी नशा क्वचितच असेल.

या व्यसनाबद्दलची आपली सार्वजनिक भाषा मात्र शेवटच्या पायरीवरच्या माणसाकडे बघून घडली आहे. खंगलेला चेहरा, पडलेले दात, घरातल्या वस्तू विकणारा हात. हे चित्र खोटं नाही, पण ते पाहून जे घाबरतात ते बहुधा त्या वाटेला जाणारच नसतात. ज्यांना खरा धोका आहे त्यांना या चित्रात स्वतःचा चेहरा दिसत नाही. ते म्हणतात, आम्ही मजेसाठी घेत नाही, कामासाठी घेतो. अभ्यासासाठी, सलग दोन पाळ्यांसाठी, वजनासाठी, शर्यतीसाठी. हृदयाला आणि मेंदूला या हेतूंशी काही देणंघेणं नसतं, आणि आपण आरोग्याच्या अंगाने जे सांगायला हवं ते इथून सुरू व्हायला हवं.

कोकेन, ॲम्फेटामाइन, मेथॲम्फेटामाइन, मेफेड्रोन, एक्स्टसी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गिळल्या जाणाऱ्या एकाग्रतेच्या किंवा भूक मारणाऱ्या गोळ्या, ही सगळी एकाच कुळातली. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलण्यासाठी डोपामाइन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं सोडतात आणि काम झालं की परत शोषून घेतात. कोकेन हे शोषण अडवतं. ॲम्फेटामाइनच्या गटातली द्रव्यं त्याच्याही पुढे जातात, पेशींत साठवलेली रसायनं उलट्या दिशेने बाहेर काढतात. डोपामाइन वाढलं की हुरूप येतो, आपल्याला काहीही जमेल असं वाटतं. नॉरॲड्रेनलिन वाढलं की नाडी जोरात चालते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आवळतात, भूक मरते, झोप उडते. जिवावर बेतल्यावर पळता यावं किंवा लढता यावं म्हणून शरीराने काही मिनिटांपुरती राखून ठेवलेली ही अवस्था आहे. मेथॲम्फेटामाइन घेतलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण १० ते १२ तास लागतात. तेवढा वेळ हृदय त्या अवस्थेत राबत राहतं.

या सगळ्या खटाटोपात नवी शक्ती कुठेच तयार होत नाही. थकलेल्या घोड्याला चाबूक मारला की तो पळतो, पण चाबकात चारा नसतो. थकवा, तहान, अंग तापणं, छाती भरून येणं या शरीराच्या सूचना आहेत. त्या सूचना ऐकू येईनाशा होतात आणि माणूस त्यालाच ताकद समजतो.

१३ जुलै १९६७ रोजी सायकलपटू टॉम सिम्प्सनच्या बाबतीत जे झालं ते मला म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. सिम्प्सन कोणी ऐरागैरा नव्हता, १९६५ चा विश्वविजेता होता, वय २९. तूर द फ्रान्स शर्यतीत त्या दिवशी माँ व्हाँतूचा उघडाबोडका चढ होता आणि ऊन भयंकर होतं. शिखराच्या थोडं अलीकडे तो रस्त्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे झोकांड्या खाऊ लागला आणि पडला. लोकांनी त्याला उचलून पुन्हा सायकलवर बसवलं. थोडं अंतर कापून तो परत कोसळला, आणि या वेळी उठला नाही. त्याच्या जर्सीच्या खिशात ॲम्फेटामाइनच्या नळ्या सापडल्या. शवविच्छेदनात ॲम्फेटामाइन आणि मद्य दोन्ही आढळलं. उष्णता, शरीरातलं संपलेलं पाणी आणि पराकोटीचे कष्ट यांनी त्याचं हृदय थांबलं. अशा उन्हात, अशा चढावर, कोणत्याही निरोगी माणसाचं शरीर त्याला आधीच सायकलवरून खाली उतरवतं. पाय चालेनासे होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस सावली शोधतो. सिम्प्सनला ही थांबण्याची सूचना वेळेत मिळालीच नाही.

उष्णतेचा हा धोका फार कमी लोकांना माहीत असतो. उत्तेजक द्रव्यं शरीराचं तापमान वाढवतात आणि कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून उष्णता बाहेर पडायची वाटही अरुंद करतात. त्यात गर्दीच्या बंद जागेत तासन्‌तास नाचणं किंवा उन्हातली मेहनत आली की ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. स्नायू अक्षरशः विरघळू लागतात आणि त्यातून रक्तात उतरलेल्या प्रथिनांनी मूत्रपिंडं बंद पडतात. हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो, त्यामुळे तापाच्या नेहमीच्या गोळ्यांनी तो उतरत नाही. अंग बर्फाने आणि पाण्याने भराभर थंड करणं आणि लगेच रुग्णालय गाठणं एवढंच हाती असतं. एक्स्टसी घेतलेल्यांच्या बाबतीत उलटाही अपघात होतो. ‘पाणी पीत राहा’ हा सल्ला ऐकून माणूस लिटरच्या लिटर पाणी पितो, त्या द्रव्यामुळे जादा पाणी लघवीवाटे बाहेर पडत नाही, रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येते.

आता हृदयाकडे येऊ. पंचविशीतला मुलगा छातीत कळ येते म्हणून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येतो. कपाळावर घाम, बाहुल्या मोठ्या, जबडा घट्ट आवळलेला. सोबतचा मित्र म्हणतो, दोन दिवस जागरण झालंय, पित्त झालं असेल. डॉक्टर विचारतात, काही घेतलं होतं का? दोघं एकमेकांकडे बघतात आणि नाही म्हणतात. ईसीजी काढला जातो. वय पाहून हृदयविकाराचा संशय आधी कुणाला येत नाही. पण कोकेनसाठी धमनीत आधीपासून चरबी साचलेली असावी लागत नाही. ते धमनी आवळतं, रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढवतं आणि त्याच क्षणी हृदयाची प्राणवायूची मागणीही वाढवून ठेवतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पट वाढलेला आढळला. त्यासाठी जुना, पक्का व्यसनी असावं लागत नाही. पहिल्या-दुसऱ्या वेळीही हे होऊ शकतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटून किंवा बंद होऊन ऐन तारुण्यात पक्षाघात होतो तो याच कारणांनी.

आणि त्या मुलाने खरं न सांगितल्याने काय होतं? हृदयविकारात एरवी सर्रास दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातली औषधं कोकेनच्या ताज्या अमलात फार जपून वापरावी लागतात, कारण त्यांनी धमन्यांचं आवळणं वाढू शकतं. उलट चित्त शांत करणारी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं इथे आधी द्यावी लागतात, ती नाडी आणि रक्तदाब दोन्ही उतरवतात. म्हणजे ‘काही घेतलं होतं का’ हा प्रश्न चौकशीचा नसतो, उपचार ठरवण्याचा असतो. ज्या व्यवस्थेत या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला माणूस घाबरतो ती व्यवस्था त्याला मरणाच्या जवळ नेते, असं मी जबाबदारीने म्हणतो.

कोकेनसोबत दारू हा तर फार प्रचलित जोड. दारूने उत्तेजकाची तगमग कमी होते आणि उत्तेजकामुळे दारूची झिंग जाणवत नाही, म्हणून दोन्हींचं प्रमाण वाढत जातं. पण यकृतात या दोन्हींपासून कोकाएथिलीन नावाचं तिसरंच द्रव्य तयार होतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ शरीरात टिकतं आणि हृदयाला जास्त घातक असतं. दोन नशा एकमेकींना मारतात, हा समज इथे साफ चुकीचा आहे.

रोज मेथ, म्हणजे मेथॲम्फेटामाइन, घेणाऱ्यांच्या हृदयाचा स्नायू हळूहळू सैल पडतो, हृदय फुगतं, जिना चढताना दम लागतो. तिशी-चाळिशीतल्या माणसाला हृदय निकामी होत असल्याचं निदान मिळतं. यात एक दिलाशाची गोष्ट अशी की वेळेत सोडलं तर बऱ्याच जणांचं हृदय लक्षणीय सुधारतं. ती सहसा कुणी सांगत नाही. घाबरवण्याच्या भरात आपण आशेचा हा पुरावा दडवतो.

मनावरचे परिणाम झोपेपासून सुरू होतात. एक रात्र जागता येते, दुसरीही. तिसऱ्या रात्री माणूस खिडकीचा पडदा दोन बोटांनी सरकवून खाली उभी असलेली गाडी बघत राहतो. ती गाडी रोजच तिथे असते. आज तिचा नंबर लिहून ठेवावासा वाटतो. बायको फोनवर हळू बोलली की ती आपल्याबद्दलच बोलतेय अशी खात्री पटते. फोनचं मागचं झाकण उघडून त्यात काही बसवलंय का ते तपासलं जातं. कातडीखाली किडे वळवळताहेत असं वाटून हात ओरबाडले जातात, जखमा होतात, खपल्या धरल्या की त्याही काढल्या जातात. बाहेरून हे वेड दिसतं, पण आत असलेल्या माणसाला ते शंभर टक्के खरं असतं आणि भीतीपोटी तो दुसऱ्यावर हात उचलू शकतो. बहुतेकांच्या बाबतीत द्रव्य बंद झाल्यावर दिवसांत किंवा आठवड्यांत हे ओसरतं. काहींचा आजार मात्र मागे राहतो आणि पुढे दीर्घकाळच्या मानसिक आजाराचं निदान होतं. कोणाचं ओसरेल आणि कोणाचं राहील हे आधी सांगता येत नाही.

अंमल उतरल्यावरची अवस्थाही तितकीच धोक्याची. सलग झोप, वखवखलेली भूक, आणि त्यानंतर कशातच राम न वाटणं. आवडती माणसं, गाणी, जेवण, सगळं फिकं. मेंदूने डोपामाइनच्या पुराला तोंड देताना स्वतःची संवेदनक्षमता कमी करून घेतलेली असते. या दिवसांत आत्महत्येचे विचार येतात, आणि नेमकं याच वेळी घरचे म्हणतात, आता झोपतोय, खातोय, म्हणजे सुधारतोय. या काळात त्याला एकटं ठेवू नये, हे प्रत्येक घराला माहीत हवं.

हे सगळं वाया गेलेल्या लोकांचं दुखणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी इतिहास बघावा. १८८४ साली सिग्मंड फ्रॉईड यांनी कोकेनची तारीफ करणारा निबंध लिहिला आणि मॉर्फिनमध्ये अडकलेल्या अर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सो या मित्राला त्यातून सोडवण्यासाठी कोकेन दिलं. तो बुद्धिमान शरीरशास्त्रज्ञ दोन्हींत अडकला आणि १८९१ साली, वयाच्या पंचेचाळिशीत गेला. अमेरिकेतले नामवंत शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड कोकेनने शरीराचा भाग बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता व्यसनी झाले. यांच्याकडे बुद्धी, शिस्त आणि वैद्यकीय ज्ञान तिन्ही होतं.

पुढे राष्ट्रांनीही हाच मोह धरला. मेथॲम्फेटामाइन १८९३ साली जपानमध्ये नागाई नागायोशी यांनी तयार केलं. १९३८ मध्ये जर्मनीत ते ‘पर्व्हिटिन’ नावाने बाजारात आलं आणि १९४० च्या एप्रिल ते जुलै या काळात जर्मन सैन्याला अशा साडेतीन कोटींहून जास्त गोळ्या पुरवल्या गेल्या. सैनिक दिवसरात्र चालत राहिले. पुढच्याच वर्षी जर्मनीने त्या औषधावर अफूच्या कायद्याखाली निर्बंध घातले. जपानमध्ये युद्धानंतर ‘हिरोपॉन’ या नावाने हीच गोळी खुलेआम विकली गेली, थकलेल्या, उपाशी समाजात व्यसनाची लाट आली आणि १९५१ साली उत्तेजकांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. माणसाकडून त्याच्या कुवतीबाहेरचं काम हवं असतं तिथे ही द्रव्यं पोचतात, हे या दोन्ही देशांत एकाच पिढीत दिसलं.

आज त्या सैनिकाच्या जागी विद्यार्थी आणि नोकरदार आहे. परीक्षेच्या तोंडावर मित्राकडून मिळालेली ‘फोकसची गोळी’ घेताना त्याला आपण नशा करतोय असं वाटतच नाही. पण ती गोळी निरोगी माणसाला हुशार करते का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना मिथाइलफेनिडेट, डेक्सॲम्फेटामाइन किंवा मोडाफिनिल अशी यातलीच एखादी गोळी देऊन डोक्याला ताण देणारी कोडी सोडवायला लावली. त्यांचे कष्ट वाढले, ते जास्त वेळ झटले, पण त्यांच्या प्रयत्नांचा दर्जा घसरला. चाली जास्त आणि शहाणपण कमी. शिवाय वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत. जी गोळी झोप खाते ती त्याच अभ्यासावर पाणी फिरवते.

गोळी कुठून आली हा वेगळाच प्रश्न. अमेरिकेत एकाग्रतेच्या औषधासारख्या हुबेहूब दिसणाऱ्या बनावट गोळ्यांत मेथॲम्फेटामाइन किंवा फेंटानिल सापडलेलं आहे. फेंटानिल हे अफूच्या गटातलं अतिशय तीव्र वेदनाशामक. ते श्वास थांबवतं आणि ज्याने कधी अफूच्या गटातलं काही घेतलेलंच नाही त्याला त्याची अगदी थोडी मात्राही पुरते. नॅलोक्सोन हा उतारा फेंटानिलवर चालतो, उत्तेजकांवर नाही. तरी माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास मंदावला असेल तर नॅलोक्सोन द्यायला कचरू नये, त्याने अपाय होत नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याचा विकार, असलेल्या मुलांना आणि मोठ्यांना एकाग्रतेची हीच औषधं डॉक्टर देतात, मग त्यांना विष कसं म्हणायचं? म्हणायचं नाहीच. तपासून ठरवलेली लहान मात्रा पोटातून हळूहळू रक्तात जाते, रक्तदाब आणि नाडीवर डॉक्टरांचं लक्ष असतं, झोप आणि भूक विचारली जाते. नाकाने ओढलेलं किंवा धुराने घेतलेलं द्रव्य सेकंदा-मिनिटांत मेंदूवर आदळतं, आणि हा वेगच व्यसन जडवतो. ज्यांना या औषधांची गरज आहे त्यांच्याकडे संशयाने बघणं हा अन्याय आहे. त्यांनी ती निःसंकोच घ्यावीत. फक्त आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये, कारण दुसऱ्याचं हृदय कोणी तपासलेलं नसतं.

मग लोकांना सांगायचं कसं? भीती घालून, हे सर्वांत सोपं उत्तर. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात २००५ पासून मेथविरुद्ध अंगावर काटा आणणाऱ्या जाहिरातींचा मारा झाला. सडलेले दात, रक्ताळलेली कातडी, उद्ध्वस्त घरं. त्या काळात तरुणांमधलं सेवन घटलं, पण ते आधीपासूनच घटत होतं. ती घट हिशेबात धरून पाहणी केल्यावर जाहिरातींचा म्हणावा असा परिणाम अर्थतज्ज्ञांना सापडला नाही. मला याचं नवल वाटत नाही. नीटनेटके कपडे घालून वेळेवर कामाला जाणारा माणूस ते पोस्टर बघतो आणि निश्चिंत होतो की आपण काही असे नाही. त्याला सांगायला हवं ते दुसरंच. छातीत धडधड थांबत नसेल, जबडा दुखत असेल, शनिवार-रविवार झोपून काढावा लागत असेल, एक गोळी पुरेनाशी झाली असेल, सगळे आपल्यावर टपून आहेत असं वाटू लागलं असेल, तर व्यसन सुरू झालेलं आहे. दात पडायची वाट बघायची नसते.

आणि काम देणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी, आईवडिलांनी आपल्या शाबासकीचा हिशेब करावा. चार तास झोपून काम रेटणाऱ्याची आपण जाहीर पाठ थोपटतो आणि नऊ वाजता दिवा मालवणाऱ्याला आळशी म्हणतो. असं बोलणाऱ्या घरात आणि कचेरीत जागरणाची गोळी कोणाला तरी मोहात पाडणारच. कायदा विकणाऱ्याला पकडो, पकडायलाच हवं. ही मागणी मात्र कायद्याने थांबत नाही.

उपचारांबद्दल गैरसमज फार आहेत. अफूच्या व्यसनात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन आहे, तशी उत्तेजकांसाठी सर्वमान्य, मंजूर गोळी अजून नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नॅलट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन एकत्र दिल्यावर मेथ घेणाऱ्या १३.६ टक्के रुग्णांना गुण आला, तुलनेसाठी ज्यांना औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी-इंजेक्शनं दिली त्यांच्यात हे प्रमाण २.५ टक्के होतं. ही सुरुवात आहे, यापेक्षा जास्त नाही. आजवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो एका अगदी साध्या पद्धतीचा. आठवड्यातून दोन-तीनदा लघवीची तपासणी करायची, ती स्वच्छ निघाली की लगेच छोटं बक्षीस द्यायचं, आणि सलग स्वच्छ राहिलं तर बक्षीस वाढवत न्यायचं. जोडीला समुपदेशन.

याला विरोध होतो तो नीतीच्या नावाने. नशा न करण्याचे पैसे कसले द्यायचे, बाकीचे लोक फुकटच शुद्धीत राहतात ना? मला हा विरोध पटत नाही. या माणसाच्या मेंदूत दूरच्या सुखापेक्षा हातातल्या सुखाचं वजन फार वाढलेलं असतं. ‘पाच वर्षांनी तुझा संसार सुखाचा होईल’ हे वचन आज संध्याकाळच्या तलफेपुढे टिकत नाही. आज दुपारी हातात पडणारं कूपन टिकतं. मेंदू सावरेपर्यंतचे महिने काढायला ते आधार देतं. आणि मेंदू सावरतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात वर्षाहून अधिक काळ मेथपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूत डोपामाइन वाहून नेणारी प्रथिनं बऱ्याच अंशी भरून आलेली दिसली. स्मरणशक्ती आणि हालचालींतली सुधारणा मात्र मागे रेंगाळली. म्हणून महिनाभर कोंडून ठेवून, शपथ घ्यायला लावून ‘बरा झाला’ म्हणणारी केंद्रं कुटुंबांची फसवणूक करतात. अशा केंद्रात दाखल करण्यापूर्वी विचारावं, पहिल्या दिवशी ईसीजी आणि मनोविकारतज्ज्ञांची तपासणी होते का, उदासीच्या काळात रात्री कोण लक्ष ठेवतं, आणि घरी गेल्यावर पुढचं वर्षभर तुम्ही त्याला कधी आणि कसं भेटणार आहात.